पाठकोऱ्यांचा खोका: महिनाभरात प्रिंटरखाली काय साठलं

शाहूपुरीचा_कारकून | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, कोल्हापुरात शाहूपुरीत एका कर सल्लागारांकडे कामाला आहे. साहेब, मी आणि आणखी दोघं. १२ए कार्ट्रिजवर चालणारा एक जुना लेझर आणि एक टाकीवाला रंगीत प्रिंटर, एवढा आमचा छापखाना. मागच्या महिन्यात कागदाचं बिल बघून साहेब म्हणाले, "रिटर्न भरायलाय का पेपर काढायलाय?" झोंबलं, पण खोटं नव्हतं. रिटर्न तर सगळे ऑनलाइन जातात. मग रीमच्या रीम जातात कुठं?

म्हणून प्रिंटरखाली एक रिकामा खोका ठेवला. वाया गेलेलं एकही पान फाडायचं नाही, बादलीत टाकायचं नाही, खोक्यात टाकायचं, असं सगळ्यांना सांगितलं. महिन्यानं शनिवारी दुपारी खोका फरशीवर उपडा केला आणि ढीग लावत बसलो. सव्वातीनशेच्या आसपास पानं भरली.

सगळ्यात उंच ढीग एक्सेलचा. खतावणीचे नऊ रकाने एका पानावर आणि दहावा, 'शिल्लक'चा, एकटाच पुढच्या पानावर. बारा पानांच्या खतावणीची चोवीस पानं. ती बघून "हात्तिच्या" म्हणायचं आणि परत छापायचं, म्हणजे झाली छत्तीस. उपाय दोन मिनिटांचा निघाला. छापायच्या पडद्यावर खाली 'नो स्केलिंग' लिहिलेलं असतं, तिथं 'फिट ऑल कॉलम्स ऑन वन पेज' निवडायचं. 'फिट शीट ऑन वन पेज' नव्हे! त्यानं बाराची बारा पानं एका कागदात कोंबली जातात आणि वाचायला भिंग लागतं. (करून बघितलंय. ते पानही खोक्यात आहे.)

दुसरा ढीग रिटर्नचा. कर्जासाठी बँक तीन वर्षांचे रिटर्न मागते. बहुतेक वेळा त्यांना पोचपावती आणि उत्पन्नाचा तपशील पुरतो, आम्ही अख्खा फॉर्म काढून देत होतो. पोचपावती एक पानाची असते. एआयएसचं (आयकर खात्याकडची वर्षभराच्या व्यवहारांची यादी) तर विचारू नका, गिऱ्हाईक शेअर्समध्ये खेळणारं असलं तर मारुतीचं शेपूट. शिवाय ३० दिवसांत ई-पडताळणी केली की बंगळुरूला सहीची प्रत पाठवायची नसते, हे आम्हीच लोकांना सांगतो आणि सवयीनं ती प्रतही काढतो.

तिसरा ढीग चुकांचा: नावात, तारखेत, 'मा.'च्या जागी 'म.'. पडद्यावर चारदा वाचलं तरी चूक कागदावर आल्यावरच का दिसते, हा काय शाप आहे कळत नाही. चौथा घाईचा. प्रिंटर झोपलेला असतो, जागा होईपर्यंत आपण तीनदा बटण दाबलेलं असतं आणि तो इमानदारीत तीन प्रती देतो. उरलेली पानं शेपटाची, म्हणजे शेवटच्या पानावर दोन ओळी नाहीतर नुसता वेबसाइटचा पत्ता.

एक्सेलचं मी मार्गी लावलंय. तीन गोष्टी अडल्यात. एक, रंगीत प्रिंट महिन्यातून पाच-सहाच काढतो, तरी रंगाच्या टाक्या खाली जातात. दोन, जुन्या लेझरला दोन्ही बाजूंनी आपोआप छापता येत नाही, ते हातानं धड कसं करायचं? तीन, हे सव्वातीनशे पाठकोरे, म्हणजे मागून कोरे कागद, परत प्रिंटरला घालू का?

लक्ष्मीपुरी_टोनर | सोमवार, रात्री १०:१५

भावा, आधी एक सांग. रात्री जाताना रंगीत प्रिंटर कसा बंद करतोस? त्याच्या बटणानं का भिंतीवरच्या स्विचनं?

शाहूपुरीचा_कारकून | सोमवार, रात्री १०:२२

भिंतीवरच्या. साहेबांचा नियम आहे, रात्री मेन बंद करूनच निघायचं. शॉर्ट सर्किटची भीती.

लक्ष्मीपुरी_टोनर | सोमवार, रात्री १०:४८

मग शाई तिथंच चाललीय. वीस वर्षं हेच बघतोय.

शाईच्या प्रिंटरचं हेड, म्हणजे छिद्रांतनं शाई सोडणारा भाग, कामाला नसलं की एका कोपऱ्यात रबरी टोपीवर जाऊन बसतं. त्यामुळं शाई वाळत नाही. बटणानं बंद केलास की ते आधी जागेवर जाऊन बसतं, मग प्रिंटर झोपतो. थेट वीज तोडलीस आणि हेड मधेच उभं असलं तर रात्रभर उघडं राहतं. सकाळी चालू केलास की प्रिंटर स्वतःच हेड साफ करायला घेतो. साफ करणं म्हणजे काय? प्रत्येक छिद्रातनं ताजी शाई ओढायची आणि खाली स्पंजात सोडायची. सगळ्या रंगांची, तू काळं छाप नाहीतर काही छापू नको. ती शाई कागदावर येतच नाही, म्हणून तुला वाटतंय हवेत उडाली.

तो खालचा स्पंज भरला की प्रिंटर अडून बसतो. मग लोक माझ्याकडं घेऊन येतात आणि म्हणतात, "कालपर्यंत चांगला होता."

तर आधी बटण, घरघर थांबू दे, मग खुशाल मेन बंद कर. साहेबांचा नियमही मोडला नाही. आठवड्यातनं एक छोटी रंगीत प्रिंट काढत जा, काहीतरी कामाचीच. छिद्रं मोकळी राहतात. एका पानाला लागणारी शाई सफाईत जाणाऱ्या शाईपुढं काहीच नाही. आणि पट्टे दिसायला लागले की लगेच सफाई मारू नको, आधी नोझल तपासणीचं पान काढ. तेवढं पान धड आलं तर दोष शाईत नाही, सेटिंगमध्ये नाहीतर कागदात हाय. सफाईवर सफाई मारणं म्हणजे डोकं दुखतंय म्हणून जेवण बदलणं.

दुसरं. काळं पत्र छापताना ग्रेस्केल निवडतोस? बऱ्याच प्रिंटरला ग्रेस्केल म्हणजे फक्त काळी शाई असं नसतं, तिन्ही रंग मिसळून करडा तयार होतो. 'फक्त काळी शाई' असा वेगळा पर्याय असला तर तो धर. साधा कागद निवडलेला हाय का तेही बघ. फोटो पेपर निवडलेला राहिला की साध्या पत्रावरही शाई ओततो तो.

बावड्याची_सूनबाई | मंगळवार, सकाळी ७:५५

टोनरदादा, दंडवत! आमच्याकडं सासरे रोज रात्री सगळे स्विच बंद करत फिरतात, प्रिंटरपासून गिझरपर्यंत. आज दाखवतो त्यांना हे.

माझं दुखणं वेगळं. ऑफिस नाही, दोन पोरं आहेत. शाळेच्या ग्रुपवर बाई स्वाध्याय पाठवतात, ते सगळे वहीच्या पानाचे मोबाइलनं काढलेले फोटो. ते तसेच छापले की कागद अख्खा करडा येतो, कोपऱ्यात बाईंच्या हाताची सावली. अक्षरापेक्षा सावलीलाच जास्त शाई. दोन महिने मी मुकाट छापत होतो. मग भावानं सांगितलं, फोटो थेट छापायचा नाही. आधी मोबाइलच्या स्कॅन ॲपमध्ये घ्यायचा, चारी कोपरे बरोबर लावायचे आणि काळं-पांढरं फिल्टर मारायचं. मागचा करडा रंग निघून जातो, पांढऱ्यावर काळं अक्षर राहतं. मग असे चार स्वाध्याय दोन-दोन करून एका कागदाच्या दोन बाजूंना बसवतो.

आणि पोरांना स्पष्ट सांगितलंय, 'पावसाळा' प्रकल्पाला गुगलवरचे काळेकुट्ट ढग छापून मिळणार नाहीत. रंगपेटी आहे, ढग काढा. पोरगी रुसली, पण ढग तिचे बरे झाले.

सदाशिवपेठी | मंगळवार, सकाळी ९:१०

अवांतर: 'दाखवतो', 'छापत होतो'... आयडी सूनबाईंचाच आहे ना?

बावड्याची_सूनबाई | मंगळवार, सकाळी ९:२४

आयडी सूनबाईंचाच आहे. कोल्हापुरात बायका असंच बोलतात. पुण्याला आलो की 'दाखवते' म्हणेन हं.

मुद्रितशोधक | मंगळवार, दुपारी १२:३०

धागाकर्त्यांनी 'पाठकोरा' हा शब्द वापरला, जीव सुखावला. जोडीला आमच्या छापखान्यातला दुसरा शब्द देतो: पाठपोट. तुम्ही ज्याला 'दोन्ही बाजूंनी प्रिंट' म्हणता ते आम्ही पाठपोट म्हणायचो. भाऊसिंगजी रोडच्या एका प्रेसमध्ये तीस वर्षं प्रुफं तपासली, आता घरी बसून लोकांची आमंत्रणं तपासतो.

कागदाचा एक चोर कोणाच्या लक्षात येत नाही, तो म्हणजे टंक (फॉन्ट). विंडोजमध्ये मराठी लिहायला घेतलं की पुष्कळ ठिकाणी आपोआप 'मंगल' येतो. पडद्यावर वाचायला चांगला, पण दोन ओळींमध्ये जागा फार खातो. मात्रा, रफार, उकार कापले जाऊ नयेत म्हणून ती ठेवलेली आहे. तोच मजकूर 'कोकिळा'त टाका, विंडोज ७ मध्ये तो संगणकातच आला, विंडोज १० पासून कधी कधी पर्यायी फॉन्टांमधून उतरवून घ्यावा लागतो, पण विकत घ्यावा लागत नाही. सहा पानांचा अहवाल चार-साडेचार पानांवर येतो.

पण थांबा, यात एक फसगत आहे. 'कोकिळा' मुळातच अंगानं लहान आहे. १२ चा 'मंगल' आणि १२ चा 'कोकिळा' शेजारी ठेवा, कोकिळा दोन आकडे खालचा वाटेल. म्हणजे वाचवलेल्या कागदातला काही भाग टंकाच्या गुणाचा आणि काही नुसता अक्षर बारीक केल्याचा. २०१४ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या एका चौदा वर्षांच्या मुलानं असाच हिशेब मांडला होता, की सरकारनं गॅरामाँड टंक वापरला तर शाईचे कोट्यवधी डॉलर वाचतील. जगभर बातम्या झाल्या. मग टंकवाल्या लोकांनी दाखवलं की त्याच आकड्याला गॅरामाँड दिसतोच लहान. टाइम्सचा आकडा उतरवला तरी शाई तशीच वाचेल. पोराचं कौतुक कमी होत नाही, पण आकडा म्हणजे अक्षराची उंची नव्हे, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवत.

माझ्या डोळ्यांना कोकिळा १५ वर बरा वाटतो आणि तरीही मंगल १२ पेक्षा कागद कमी लागतो. ओळींमधलं अंतर 'एक्झॅक्टली' करून स्वतः ठरवा, मात्र छापण्याआधी 'र्ट्रि', 'ङ्गी', 'क्षु' असली अक्षरं असलेली ओळ शोधून वर-खाली कापलं जातंय का बघा.

वकिलांकडचा | मंगळवार, दुपारी २:०५

मुद्रितशोधक काका, जुन्या फॉन्टांवर पण लिहा की. आमच्याकडं अर्ध्या फाइली श्रीलिपीत, अर्ध्या सुरेखमध्ये. झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह नेला आणि त्याच्याकडं तो फॉन्ट नसला की 'अर्जदार' च्या जागी इंग्रजी कचरा छापून येतो. पहिली दहा पानं निघाल्याशिवाय दुकानदार वर बघत नाही.

मुद्रितशोधक | मंगळवार, दुपारी २:४०

त्याला एकच औषध, दुकानात वर्डची फाइल न्यायचीच नाही. आपल्याच संगणकावर पीडीएफ करायची, विंडोज १० पासून प्रिंटरच्या यादीतच 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' असतो. अक्षरं आत बांधली जातात, दुकानात फॉन्ट असो वा नसो. पानंही हलत नाहीत. वर्डची फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की चार पानांची सव्वाचार होतात आणि त्या पाव पानासाठी कागद जातो.

आणखी एक तपासा: कागदाचा आकार. पुष्कळ संगणकांत 'लेटर' ठरलेला असतो. तो अमेरिकेचा कागद, २७९ मिलिमीटर उंच. आपला ए-४ २९७ चा. म्हणजे तुम्ही प्रत्येक पानाखाली पावणेदोन सेंटीमीटर फुकट कोरं सोडताय. लांब अहवालात त्याचीच दोन-तीन पानं होतात.

वकिलांकडचा | मंगळवार, दुपारी ३:२०

हे बघितलं. लेटरच होता! पाच वर्षं!!

आता माझ्याकडून थोडं. पाठपोटाला आमच्या क्षेत्रात लोक अजून बिचकतात, "साहेब चालवून घेतील का?" म्हणून. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्येच ए-४ कागद आणि दोन्ही बाजूंनी छपाई सुरू केली. खालच्या कोर्टात काय चालतं ते मात्र तिथल्या फायलिंगच्या टेबलावर विचारूनच छापा. अंदाजानं छापलेलं सगळं परत आलं तर वाचवलेल्याच्या दुप्पट जातं.

पाठपोटाचा टपालात फायदा होतो ते कोणी बोललं नाही. ७५ जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅमचा, ए-४ कागद साधारण ४.७ ग्रॅमचा. (एक चौरस मीटरमध्ये असे १६ कागद बसतात, म्हणून ७५ ला १६ नं भागायचं.) स्पीड पोस्टचा पहिला टप्पा ५० ग्रॅमचा. १६ पानांची नोटीस एका बाजूनं छापली तर नुसता कागदच ७५ ग्रॅम, गेली पुढच्या टप्प्यात. पाठपोट छापली तर आठ कागद, साडेसदतीस ग्रॅम, पाकिटासकट पन्नासात. कागद वाचला त्यापेक्षा तिकीट जास्त वाचलं.

आणि धागाकर्ते, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला हात जोडून उत्तर. पाठकोरे वापरा, पण ऑफिसच्या बाहेर जाऊ देऊ नका. त्याच्या पोटावर गिऱ्हाइकाचा पॅन आहे, उत्पन्न आहे, आधारचा नंबर आहे. एका ठिकाणी असे कागद शेजारच्या पोरांना चित्रं काढायला दिले होते. पोरांनी छान मोर काढला, दारावर चिकटवला. मोराच्या मागं कोणाचं तरी बँक स्टेटमेंट.

शाहूपुरीचा_कारकून | मंगळवार, रात्री ८:३०

मोराचं वाचून साहेबांना फोनच केला. आता दोन खोके: एकाला पाठकोरे, दुसऱ्याला 'फाडायचे'. नावं-आकडे असलेलं दुसऱ्यात.

उद्यमनगरी_ड्रॉइंग | बुधवार, सकाळी ११:००

आमच्याकडं फौंड्रीचं काम, पॅटर्नवाल्याला ए-३ ड्रॉइंग द्यावी लागतात. ऑटोकॅडमधनं रंगीत रेषा तशाच काळ्या प्रिंटरला गेल्या की पिवळी आणि आकाशी रेष इतकी फिकी येते की पोरगा म्हणतो, "माप दिसत नाही," आणि परत छापतो. प्लॉट स्टाइलमध्ये 'मोनोक्रोम' निवडलं की सगळ्या रेषा सारख्या काळ्या. एवढ्या एका गोष्टीनं आमची दुबार छपाई जवळपास थांबली. दुसरं, 'फिट टू पेपर' वर छापलेल्या ड्रॉइंगवर कोणी पट्टी लावून माप घेऊ नये. तिथं कागदापेक्षा कास्टिंग वाया जातं, ते जास्त महाग.

तालीम_रोड | बुधवार, दुपारी १:१५

राग मानू नका, पण रुपया-दीड रुपयाच्या कागदासाठी चार शहाण्या माणसांनी तीन दिवस बोलायचं? तेवढ्या वेळात दोन रिटर्न भरून झाले असते. मिसळ खायला गेलं की तर्री जास्त मागतो तेव्हा कोणी हिशेब करत नाही.

शाहूपुरीचा_कारकून | बुधवार, दुपारी १:५०

तर्रीचे पैसे साहेब देत नाहीत ना :)

पण मुद्दा एवढा उडवण्यासारखा नाही. खोक्यातल्या पानांनी कागदाआधी आमचा वेळ खाल्ला होता. ती छत्तीस पानांची खतावणी छापायला, परत छापायला, गिऱ्हाइकाला "बसा, चहा घ्या" म्हणायला अर्धा तास गेला. सेटिंग एकदा केलं, फाइल तशीच साठवली, आता कोणी हात लावत नाही.

टोनरदादा, दुसऱ्या प्रश्नाचं राहिलं. हातानं पाठपोट?

लक्ष्मीपुरी_टोनर | बुधवार, रात्री १०:०५

दुकान बंद करून बसलोय, आता निवांत सांगतो.

जुन्या लेझरला आधी विषम पानं छापायची, मग गठ्ठा परत घालून सम. कुठली बाजू वर, डोकं आत का बाहेर, हे प्रत्येक मशिनचं वेगळं. म्हणून एकदाच परीक्षा घे. कोऱ्या कागदावर पेन्सिलीनं बाण काढ, ट्रेमध्ये घालून काहीतरी छाप आणि बाण कुठं गेला बघ. उत्तर चिठ्ठीवर लिहून मशिनला चिकटव. माझ्या गिऱ्हाइकांत ज्यांनी चिठ्ठी लावली ते सुखी हायत, बाकीचे दर वेळेला नवीन शोध लावतात.

दुसरं, शंभर पानं एकदम करू नको. मधेच दोन कागद चिकटून ओढले गेले की तिथनं पुढं सगळ्याला तिसऱ्याचंच पोट लागतं, ३९ च्या मागं ४२. दहा-दहा कागदांचे गठ्ठे कर. पहिली बाजू छापल्यावर कागद गरम आणि वाकडा असतो, जरा थंड होऊ दे, गठ्ठा ठोकून सरळ कर, पत्त्यासारखा फिरव, मग घाल.

आणि हे पावसात विसरू नको. आपल्या इकडं जून-जुलैत हवा अशी असते की खारी मऊ पडते, मग कागदाचं काय. ओला कागद वळतो, चिकटतो, अडकतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका, तसं मी दुकानात कागद अडकल्याच्या तक्रारींवरनं पाऊस मोजतो. रीम फोडली की लागेल तेवढाच कागद ट्रेमध्ये, बाकी वेष्टणात परत गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत, फरशीवर नाही तर फळीवर. रिटर्नचा हंगाम आणि पाऊस एकदमच येतोय तुमचा.

टोनरचं पण सांगतो. १२ए वर दोन हजार पानं लिहिलेलं असतं ते पाच टक्के छपाईच्या हिशेबानं, म्हणजे साधं छोटं पत्र. तुमच्या तक्त्यात करड्या पट्ट्या भरलेल्या असल्या तर तेवढी कशाला निघतील? पट्ट्या काढा, नुसत्या बारीक रेषा ठेवा. आतल्या कामाला इकॉनॉमी मोड लावा. फिकं यायला लागलं की लगेच रिफिलला धावू नको. कार्ट्रिज काढ, आडवं धरून डावी-उजवीकडं हळू चार-पाच वेळा हलव, परत बसव. बरीच पानं अजून मिळतात. शर्टावर पावडर सांडली तर कोरड्या फडक्यानं झटक, थंड पाण्यानं धू. गरम पाणी लावलंस की कायमची बसली.

मुद्रितशोधक | गुरुवार, सकाळी ८:२०

इकॉनॉमी मोडला एक पुरवणी. बारीक मराठी अक्षरात फिक्या छपाईनं आधी शिरोरेषा तुटते, मग अनुस्वार जातो. 'करांत' चं 'करात' झालेलं तुमच्या साहेबांना चालणार नाही. आतल्या कच्च्या कामालाच वापरा, सहीच्या कागदाला नको.

शाहूपुरीचा_कारकून | पाच आठवड्यांनंतर, शनिवार, संध्याकाळी ६:१०

परत खोका उपडा केला. पहिल्या वेळच्या निम्म्यापेक्षा कमी भरला. एक्सेलचा ढीग नाहीच. रिटर्नचा ढीग नाही, बँकेला काय लागतं ते आधी फोनवर विचारून घेतो. रंगाच्या टाक्या महिनाभर जागच्या जागी, बटणाची गोष्ट खरी निघाली. चुकांचा ढीग मात्र तेवढाच आहे, 'मा.' चं 'म.' अजून होतंय.

पण एक नवीन ढीग तयार झालाय आणि तो माझ्यामुळं. पाठकोरे लेझरला घालायला लागलो. तीन आठवडे मस्त चाललं. सोमवारी कटकन आवाज आला, कागद अडकला, काढला तर त्याला एक स्टेपलरची पीन होती. तेव्हापासून प्रत्येक पानावर काळे ठिपके, एकाखाली एक. वीस-पंचवीस सहीची पत्रं गेली त्यात.

लक्ष्मीपुरी_टोनर | शनिवार, संध्याकाळी ७:००

पट्टी घे आणि दोन ठिपक्यांतलं अंतर मोज.

शाहूपुरीचा_कारकून | शनिवार, संध्याकाळी ७:०८

साडेसात सेंटीमीटर. सगळीकडं तेवढंच.

लक्ष्मीपुरी_टोनर | शनिवार, संध्याकाळी ७:१५

मग ड्रमला, म्हणजे ज्या रुळावरनं टोनर कागदावर उतरतो त्याला, ओरखडा पडलाय. ड्रमचा एक फेरा तेवढाच, दर फेऱ्याला तोच ओरखडा कागदावर उठतो. सफाईनं जाणार नाही, बदलावा लागेल. नशीब, तो कार्ट्रिजमध्येच असतो, मशिन आणायची गरज नाही. कार्ट्रिज घेऊन ये, पण येताना उजेडात उघडं धरू नको, ड्रमला उजेड चालत नाही.

शाहूपुरीचा_कारकून | शनिवार, संध्याकाळी ७:१८

पाठकोऱ्यात गुंडाळून आणतो.

लक्ष्मीपुरी_टोनर | शनिवार, संध्याकाळी ७:१९

पीन बघून.